जुन्या लॅपटॉपवर एचडी व्हिडिओ अडखळतो? आधी डीकोडिंग कुठे होतंय ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा: चौथ्या पिढीचा कोअर आय३, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि १३६६ × ७६८ चा स्क्रीन असलेला लॅपटॉप. यूट्यूबवर १०८०पी लावलं की आवाज नीट येतो, पण चित्र अडखळतं आणि पंखा घोंघावू लागतो. डाउनलोड केलेल्या काही फाइली छान चालतात, तेवढ्याच आकाराच्या काही अजिबात चालत नाहीत. रॅम वाढवावी की एसएसडी टाकावी?

खर्च करण्याआधी थांबा. "काही फाइली चालतात, काही नाही" यातच बरंचसं निदान आलं. डिस्क मंद असती तर सगळ्याच फाइलींनी सारखा त्रास दिला असता. तसंही ब्लू-रेवरच्या व्हिडिओचा कमाल बिटरेट (डेटाचा वेग) सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे अवघा ५ एमबी. ५४०० फेऱ्यांची जुनी डिस्कसुद्धा सलग वाचताना याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. अडचण वाचण्यात नाही, उलगडण्यात, म्हणजे डीकोडिंगमध्ये आहे.

व्हिडिओ दाबून साठवलेला असतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेम उलगडायला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० असतील तर जेमतेम १६.७. हे काम प्रोसेसर करू शकतो, किंवा ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठीच बसवलेलं वेगळं सर्किट करू शकतं. सर्किटने केलं तर प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो आणि पंखाही शांत असतो. पण त्या सर्किटला चिप बनवताना जे फॉरमॅट शिकवले तेवढेच येतात. नंतर कितीही ड्रायव्हर अपडेट करा, नवा फॉरमॅट त्यात शिरत नाही. म्हणून तुमच्या चिपला काय येतं ते ओळखायचं आणि तिला तेच खायला द्यायचं, एवढाच सगळा खेळ आहे.

इंटेलचं गणित साधारण असं (एच.२६४ म्हणजेच एव्हीसी, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ ही व्हिडिओ दाबायच्या फॉरमॅटची नावं आहेत). जीएमए ९५० आणि एक्स३१०० या जुन्या ग्राफिक्सला एच.२६४ येत नाही. जीएमए ४५००एमएचडीपासून (२००८) एच.२६४ ची सोय आली. २०११ च्या दुसऱ्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंत भरवशाचा फॉरमॅट म्हणजे एच.२६४ च. चौथ्या-पाचव्या पिढीच्या काही विंडोज ड्रायव्हरमध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ ची "हायब्रिड" सोय दिसते. तिच्यात अर्धं काम ग्राफिक्सचे साधे कोअर आणि प्रोसेसर मिळून करतात, त्यामुळे यादीत नाव दिसलं तरी तिच्यावर विसंबू नका. सहाव्या पिढीत ८ बिटचा (बिट म्हणजे रंगाची बारकाई) एचईव्हीसी आला, सातव्या पिढीत १० बिटचा एचईव्हीसी आणि व्हीपी९. एव्ही१ साठी थेट अकरावी पिढी लागते. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपमध्ये ८४००एम आणि ८६००एम यांच्या काळापासून एच.२६४ आहे, एएमडीच्या बाजूला मोबिलिटी रेडिऑन एचडी २४०० आणि २६०० पासून.

आता यूट्यूब काय पाठवतं ते पाहा. ब्राउझरने "मला व्हीपी९ आणि एव्ही१ चालतं" असं सांगितलं की यूट्यूब बहुतेक वेळा तेच देतं, कारण त्यात डेटा कमी लागतो. ब्राउझर खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे या फॉरमॅटचे सॉफ्टवेअर डीकोडर असतातच. पण ते चालतात प्रोसेसरवर, आणि दोन कोअरच्या आय३ ला १०८०पी ६० फ्रेमचं व्हीपी९ झेपत नाही. शेजारी एच.२६४ चं सर्किट रिकामं बसलेलं असतं.

खात्री करून घ्या. व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. "कोडेक्स"च्या (कोडेक म्हणजे इथे फॉरमॅट) ओळीत एव्हीसी१ दिसलं तर ते एच.२६४, व्हीपी०९ किंवा व्हीपी९ दिसलं तर व्हीपी९, आणि एव्ही०१ म्हणजे एव्ही१. "व्ह्यूपोर्ट / फ्रेम्स"च्या ओळीत किती फ्रेम गळल्या तो आकडा असतो. सुरुवातीला किंवा फुल स्क्रीन करताना पाच-दहा फ्रेम गळणं काही विशेष नाही. आकडा सतत चढत राहिला तर मशीन मागे पडतंय. त्याच वेळी "बफर हेल्थ"वर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओच्या आकड्यावर, नजर टाका. तिथे २०-३० सेकंद शिल्लक असूनही फ्रेम गळत असतील तर इंटरनेटला दोष देऊ नका. बफर शून्याला टेकत असेल तर प्रश्न नेटचा किंवा वायफायचा आहे, आणि त्याला इथलं पुढचं काही लागू पडत नाही.

व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसत असेल तर उपाय सोपा आहे. "एनहान्स्ड एच२६४इफाय" नावाचं एक्स्टेन्शन क्रोम, एज आणि फायरफॉक्सवर चालतं. त्याच्या सेटिंगमध्ये व्हीपी८, व्हीपी९ आणि एव्ही१ ब्लॉक करा, एव्हीसी मोकळं सोडा. पानाने ब्राउझरला विचारलं की हे एक्स्टेन्शन मध्येच "नाही, हे चालत नाही" असं उत्तर देतं आणि यूट्यूब निमूटपणे एच.२६४ देतं. पान रिफ्रेश करून कोडेक्सची ओळ पुन्हा बघा. ६० फ्रेमचे व्हिडिओ ब्लॉक करायचाही पर्याय आहे. दुसऱ्या पिढीच्या आधीचा लॅपटॉप असेल तर तो लगेच चालू करा, नंतरच्यांना आधी न करता बघा. तोटे दोन: तेवढ्याच दर्जासाठी डेटा जास्त जातो, आणि यूट्यूब एच.२६४ मध्ये १०८०पीच्या वर देत नाही. १३६६ × ७६८ च्या स्क्रीनला दुसऱ्या तोट्याने काय फरक पडणार!

किंबहुना या स्क्रीनवर १०८०पीचा हट्टच का, हा खरा प्रश्न आहे. १०८०पीच्या फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, ७२०पीमध्ये ९,२१,६००. म्हणजे सव्वादोन पट काम. तुमच्या स्क्रीनवर मावतात जेमतेम साडेदहा लाख, बाकीचे उलगडून फेकून द्यायचे. १०८०पी आकुंचित करून पाहिल्यावर थोडं जास्त रेखीव दिसतं हे खरं, पण अडखळणाऱ्या रेखीव चित्रापेक्षा सलग चालणारं ७२०पी केव्हाही बरं.

एव्हीसी१ दिसत असूनही फ्रेम गळत असतील तर सर्किट वापरलंच जात नाहीये. इथे सर्वांत आधी ड्रायव्हर तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टरखाली "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर" असं लिहिलेलं असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि सगळं ओझं प्रोसेसरवर आहे. ब्राइटनेसच्या बटणांनी उजेड कमी-जास्त होत नाही, ही त्याची आणखी एक खूण. जुन्या मशीनवर विंडोज १० नव्याने टाकल्यावर हे हमखास दिसतं. आधी विंडोज अपडेटला काम करू द्या. नाही जमलं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, मग तो विंडोज ८ साठीचा का असेना. इंटेलचा इन्स्टॉलर "हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी प्रमाणित नाही" म्हणून अडला तर झिप फाइल उतरवून उघडा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, कॉम्प्युटरवर शोधा, यादीतून निवडा, "हॅव डिस्क" या वाटेने त्या झिपमधली ड्रायव्हरची आयएनएफ फाइल दाखवा.

मग ब्राउझर. क्रोम आणि एजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम इथे ग्राफिक्स ॲक्सलरेशनचं बटण चालू हवं. कधीकाळी पांढरी स्क्रीन येत होती म्हणून कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं. बदलल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू असं टाकलं की स्थिती दाखवणारं पान येतं. त्यात "व्हिडिओ डीकोड"समोर "हार्डवेअर ॲक्सलरेटेड" हवं. तेवढ्यावर समाधान मानू नका. खालच्या व्हिडिओ ॲक्सलरेशनच्या तक्त्यात कोणते फॉरमॅट सर्किटकडे जातात ते लिहिलेलं असतं, महत्त्वाचा तो तक्ता. फायरफॉक्समध्ये हीच माहिती ट्रबलशूटिंगच्या पानावर मीडिया विभागात मिळते.

"सॉफ्टवेअर ओन्ली" दिसलं तर बहुधा ब्राउझरने तुमचा जुना ड्रायव्हर काळ्या यादीत टाकलाय. क्रोमच्या फ्लॅग्ज पानावर "ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट" चालू करून ती यादी डावलता येते. पण यादी उगाच केलेली नसते. हिरवे पट्टे, काळी चौकट किंवा ब्राउझर अचानक बंद पडणं सुरू झालं तर मुकाट्याने फ्लॅग परत घ्या.

सर्किट खरंच चालतंय का, हे विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्येही दिसतं: परफॉर्मन्स, जीपीयू, "व्हिडिओ डीकोड"चा आलेख. मात्र जीपीयूचा भाग दिसायला डब्ल्यूडीडीएम (विंडोजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा साचा) २.० किंवा नंतरचा ड्रायव्हर लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या इंटेलवर तो नाही, त्यामुळे आलेख दिसला नाही म्हणून सर्किट बंद आहे असा निष्कर्ष काढू नका. तिथे प्रोसेसरचा वापर बघा. १०८०पी एच.२६४ चालू असताना तो खाली शांत राहिला तर काम चिपमध्ये होतंय.

आता डाउनलोड केलेल्या फाइली. मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि चालणारी एक, न चालणारी एक अशा दोन्ही फाइली त्यात उघडून शेजारी शेजारी ठेवा. फॉरमॅट एचईव्हीसी असेल तर उत्तर मिळालंच. पण "एव्हीसी" लिहिलेली फाइलही दगा देते, आणि बरेच जण इथे फसतात. प्रोफाइल "हाय १०" किंवा बिट डेप्थ १० असेल तर ती सर्किटला जमत नाही. १० बिटचा एच.२६४ तुमच्या काळातल्या कोणत्याच लॅपटॉप चिपच्या सर्किटला येत नाही. क्रोमा (रंगाची माहिती किती ठेवली ते) ४:२:० ऐवजी ४:४:४ असेल तरी तेच. स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फाइलींमध्ये हे बरेचदा आढळतं. तिसरी खोच रेफरन्स फ्रेमची, म्हणजे ज्यांच्यावरून दुसऱ्या फ्रेम बांधल्या जातात त्यांची. लेव्हल ४.१ मध्ये (लेव्हल म्हणजे फाइल किती जड असू शकते याची ठरलेली मर्यादा) १०८०पीला जास्तीत जास्त ४ रेफरन्स फ्रेम बसतात. कुणी हौसेने १६ ठेवून फाइल बनवली असेल तर अगदी जुन्या चिपवर चित्राचे चौकोनी तुकडे पडतात किंवा प्लेअर गुपचूप प्रोसेसरवर उतरतो.

प्लेअरमध्ये व्हीएलसी सगळ्यांकडे असतो: टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट / कोडेक्स, तिथे हार्डवेअर डीकोडिंग "ऑटोमॅटिक". गडबड वाटली तर डीएक्सव्हीए २.० (सर्किट वापरायची विंडोजमधली वाट) निवडून पाहा, जुन्या ड्रायव्हरशी त्याचं बरं जमतं. पण विंडोजवर जुन्या मशीनसाठी एमपीसी-एचसी अधिक हलका आहे. त्यातल्या लॅव्ह व्हिडिओ डीकोडरमध्ये डीएक्सव्हीए२ नेटिव्ह आणि डीएक्सव्हीए२ कॉपी-बॅक असे दोन पर्याय असतात. कॉपी-बॅकमध्ये उलगडलेली प्रत्येक फ्रेम ग्राफिक्सकडून परत मुख्य मेमरीत आणली जाते. १०८०पीची एक फ्रेम साधारण ३.१ एमबीची. ती सेकंदाला ६० वेळा इकडून तिकडे न्यायची म्हणजे जुन्या चिपला उगाच भुर्दंड. नेटिव्ह घ्या आणि आउटपुटला ईव्हीआर (चित्र स्क्रीनवर दाखवणारा विंडोजचा भाग) ठेवा.

लिनक्सवर व्हीएआयन्फो ही आज्ञा चिपला काय येतं ते छापून दाखवते. इंटेलचे दोन ड्रायव्हर आहेत: जुन्या पिढ्यांसाठी आय९६५, पाचव्या पिढीपासून पुढे आयएचडी. चौथ्या पिढीवर फक्त आयएचडी बसवलेला असेल तर यादी येणारच नाही, आय९६५ चं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. प्लेअर म्हणून एमपीव्ही वापरा आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये एचडब्ल्यूडेकसमोर ऑटो-सेफ लिहा. चालू असताना आय दाबलं की आकडे दिसतात. गळलेल्या फ्रेम तिथे "डीकोडर" आणि "आउटपुट" अशा वेगळ्या मोजलेल्या असतात, आणि हा भेद फार कामाचा आहे. डीकोडरच्या फ्रेम गळत असतील तर उलगडणं मंद आहे. आउटपुटच्या गळत असतील तर उलगडणं वेळेवर होतंय, पण चित्र स्क्रीनच्या मापात बसवताना ग्राफिक्स दमतंय. अशा वेळी प्रोफाइल फास्ट ठेवलं की एमपीव्ही साधं स्केलिंग वापरतो आणि प्रश्न मिटतो.

ब्राउझरच नको असेल तर एमपीव्हीला वायटी-डीएलपी (यूट्यूबचे व्हिडिओ उतरवणारं साधन) जोडून यूट्यूबचा दुवा थेट चालवता येतो. फॉरमॅटमध्ये १३६+१४० मागितलं तर ७२०पी एच.२६४ आणि एएसी आवाज मिळतो, १३७+१४० मागितलं तर १०८०पी. पानावरची बाकीची स्क्रिप्टं गायब झाल्याने दोन कोअरच्या मशीनला मोठा दिलासा मिळतो.

सर्किटच नसलेल्या मशीनवर, किंवा १० बिटची फाइल पाहायचीच असेल तर, प्रोसेसरचं ओझं कमी करावं लागतं. एच.२६४ मध्ये चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारा एक लूप फिल्टर असतो आणि तो बराच वेळ खातो. व्हीएलसीच्या त्याच पानावर तो वगळायचा पर्याय आहे. थेट "ऑल" करू नका, आधी "नॉन-रेफ" करून बघा. ज्या फ्रेमवरून दुसरी फ्रेम बांधली जात नाही अशाच फ्रेममध्ये फिल्टर वगळला जातो, त्यामुळे बिघाड साठत नाही. "ऑल" केलं की चूक एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये वाहत जाते आणि पुढची की-फ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर न विसंबणारी पूर्ण फ्रेम) येईपर्यंत चित्र मळत राहतं. वेग मात्र त्यातच सर्वाधिक मिळतो.

एखादी फाइल वारंवार पाहायची असेल तर ती एकदाच बदलून टाका. हँडब्रेकमध्ये "फास्ट ७२०पी३०" प्रीसेट घ्या, एन्कोडर एक्स२६४ ८ बिट, आरएफ (दर्जाचा आकडा) २० किंवा २१, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१. हे काम एखाद्या नव्या मशीनवर करा. जुन्या लॅपटॉपला उलगडणं जड जात असेल तर उलगडून पुन्हा दाबणं त्याहून कितीतरी जड जाणार.

पहिली दहा मिनिटं सुरळीत आणि मग अडखळणं, असा प्रकार असेल तर कोडेक सोडा, लॅपटॉप उघडा. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो. बाहेरून फुंकर मारून तो फक्त सरकतो. पंखा काढून तो नमदा उचलावा लागतो, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. शेजारच्या चिपवर जिथे रबरी पॅड आहे तिथे पेस्ट लावू नका. ती फट पेस्टने भरून निघत नाही. एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर (तापल्यामुळे वेग कमी करणं) "येस" यायचं थांबलं की काम झालं. उलट पहिल्या सेकंदापासून सगळंच मंद असेल तर घड्याळाचा वेग बघा. चार्जर ओळखला नाही की काही लॅपटॉप स्वतःला ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास बांधून घेतात. बॅटरीवर असताना "पॉवर सेव्हर"ही तसंच करतो.

आता रॅमचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांवर आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर ४ जीबी खरंच अपुरी पडतेय. विंडोज मेमरीतली पानं डिस्कवर ढकलतंय आणि व्हिडिओ मध्येच सेकंदभर गोठतो. हे गोठणं फ्रेम गळण्यापेक्षा वेगळं दिसतं: सगळंच थांबतं, माउससुद्धा. अशा मशीनला दुसरी ४ जीबीची पट्टी द्या. ग्राफिक्स हीच मेमरी वाटून घेत असल्यामुळे सारख्या दोन पट्ट्यांचा आणखी एक फायदा होतो. डीडीआर३-१६०० च्या एका पट्टीला सेकंदाला १२.८ जीबीचा रस्ता असतो, दोन असल्या की २५.६ चा. चौथ्या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची जुनी पट्टी खाचेत बसते, पण मशीन सुरू होईलच असं नाही. एसएसडीने लॅपटॉप एकूण चपळ होईल यात शंका नाही, पण व्हीपी९ उलगडायला तिचा उपयोग शून्य.

एवढं सगळं करूनही काहींना "अजून हलका झटका बसतो" असं वाटत राहतं. गळलेल्या फ्रेमचा आकडा शून्य आहे, आणि कॅमेरा संथपणे आडवा सरकतो तेव्हाच ठरावीक लयीत झटका दिसतो, असं असेल तर त्यात लॅपटॉपचा दोष नाही. चित्रपट २४ फ्रेमचा आणि स्क्रीन ६० हर्ट्झचा, त्यामुळे एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दाखवावी लागते. महागड्या नव्या मशीनच्या ६० हर्ट्झ स्क्रीनवरही हा झटका तसाच राहतो. काही लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ४८ हर्ट्झचा पर्याय असतो. असेल तर चित्रपटापुरता तो निवडा.